कपाट मागण्यापूर्वी कागद मोजा

आजचा विषय प्रथमदर्शनी कचेऱ्यांचा आणि खरेदी-समित्यांचा वाटेल; घरात बसून ऐकणाऱ्यांचा त्याच्याशी काय संबंध, असाही प्रश्न आपल्या मनात येईल. संस्थेची परिपत्रके, ठराव, अहवाल, छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे इत्यादी सर्व सामग्री संगणकावर नीट लावून ठेवावयाची, तीतील प्रसिद्ध करण्याजोगी सामग्री लोकांपुढे मांडावयाची, आणि हवा तो कागद हव्या त्या वेळी काढून द्यावयाचा, ह्या कामासाठी जी यंत्रणा लागते तिला ‘कंटेंट मॅनेजमेंट सिस्टीम’ म्हणतात. मराठीत तिला ‘आशय-व्यवस्थापन प्रणाली’ असे म्हणतात. मी सोयीसाठी ‘आशय-प्रणाली’ एवढेच म्हणेन. ती घ्यावयाची तर बहुधा निविदा मागवाव्या लागतात. त्या निविदापत्रकात आपल्या माहितीविषयक गरजा कशा मांडाव्यात, हा आजचा प्रश्न आहे.

आपणांपैकी कोणी शाळेच्या व्यवस्थापक मंडळावर असेल, कोणी वाचनालयाचा कार्यवाह असेल, कोणी गृहनिर्माण संस्थेचा चिटणीस असेल. ह्यांपैकी काहीच नसले, तरी आपला जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, नेमणुकीचा हुकूम कोणत्या ना कोणत्या संस्थेच्या दप्तरात आहेच. ते दप्तर आता यंत्रात जात आहे. जाताना ते नीट गेले की नाही, हे पुष्कळदा त्या निविदापत्रकातील चार-दोन वाक्यांवर ठरते.

सुताराकडे आपण कपाट सांगतो तेव्हा काय करतो? ‘उत्तम, टिकाऊ, अद्ययावत कपाट पाहिजे’ एवढेच सांगून कोणी स्वस्थ बसत नाही. त्यात कपडे ठेवावयाचे की पुस्तके, पुस्तके असल्यास ती केवढ्या उंचीची, हे सांगावे लागते. नाहीतर सागवानी कपाट घरी येते आणि नकाशांची मोठी पुस्तके त्यात आडवीच ठेवावी लागतात. दोष सुताराचा नसतो. सांगणाऱ्याने कपाटाचे वर्णन केलेले असते, पुस्तकांचे केलेले नसते. आशय-प्रणालीच्या निविदांत नेमके हेच घडते, आणि ते माझ्याही हातून घडलेले असल्यामुळे ती हकीकत प्रथम सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका शिक्षणसंस्थेने आपले जुने दप्तर संगणकावर घेण्याचे ठरविले. खरेदी-समितीत मी होतो. तेव्हा पुढील प्रमादात माझाही वाटा आहे. आम्ही दुसऱ्या एका संस्थेचे निविदापत्रक मिळविले, त्यातील नावगाव बदलले, आणि शंभरावर कलमांची यादी जशीच्या तशी ठेवली. प्रणाली भ्रमणध्वनीवर चालावी, रंगसंगती बदलता यावी, अमुक प्रकारचे तक्ते काढता यावेत, असे त्यात पुष्कळ होते. कागदाविषयी मात्र एकच वाक्य होते: ‘प्रत्येक दस्तऐवजास शीर्षक, दिनांक व प्रकार नोंदविण्याची सोय असावी.’ प्रणाली आली. सर्व कलमे पुरी झाली. मक्तेदारास पैसेही मिळाले.

पुढे एके दिवशी एक निवृत्त शिक्षिका कचेरीत आल्या. त्यांच्या निवृत्तिवेतनाचे प्रकरण अडले होते, कारण त्यांच्या नेमणुकीस शिक्षणाधिकाऱ्यांनी दिलेल्या वैयक्तिक मान्यतेच्या पत्राची प्रत मिळत नव्हती. बाईंनी जपून ठेवलेल्या चिठ्ठीवर त्या पत्राचा जावक क्रमांक आणि तारीख होती. आमच्या नव्या यंत्रात जावक क्रमांकाला रकानाच नव्हता. तारखेने शोधावे, तर हजारो कागदांवर एकाच आठवड्यातील तारखा पडलेल्या. कारण ‘दिनांक’ म्हणजे कोणता दिनांक हे आम्ही सांगितलेले नव्हते, आणि मक्तेदाराने कागद यंत्रात चढविल्याचा दिवस घातला होता. शीर्षके पाहावीत, तर ती नुसती अनुक्रमांकांची. जुनी आवक-जावक नोंदवही सुदैवाने रद्दीत गेलेली नव्हती. ती उघडली, रुमाल कोणता ते कळले, आणि पत्र हाती आले. पण तोपर्यंत तीन महिने गेले होते, आणि ते तीन महिने त्या बाईंनी निवृत्तिवेतनावाचून काढले होते.

मक्तेदाराने आम्हांस फसविले असे मी म्हणू शकत नाही. आम्ही मागितले तेच त्याने दिले. आम्ही यंत्राचे गुण मागितले; आमच्या दप्तराला लोक कोणते प्रश्न विचारतात हे सांगितले नाही.

ह्या बाबतीत आपल्याकडे नियमांचा अभाव आहे असे नाही. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतील १४४ वा नियम असे सांगतो की, घ्यावयाच्या वस्तूचे वर्णन शक्यतो वस्तुनिष्ठ, कार्य सांगणारे, सर्वसाधारण आणि मोजता येण्याजोगे असावे; त्यात विशिष्ट व्यापारी नावाची मागणी नसावी; आणि गरजेपलीकडची अनावश्यक वैशिष्ट्ये घालू नयेत. हा नियम सरकारी खरेदीसाठी असला, तरी खासगी संस्थेनेही तो पाळावा असाच आहे. आमच्या शंभर कलमांपैकी बहुतेक ह्या कसोटीला उतरली नसती.

अशा चुका लहान संस्थांतच होतात असेही कोणी समजू नये. नभोवाणीच्याच क्षेत्रातील मोठा दाखला बीबीसीचा आहे. ध्वनी व चित्र ह्यांची सर्व सामग्री कर्मचाऱ्यांना आपल्या मेजावरून तयार करता यावी, शोधता यावी व एकमेकांस देता यावी, अशी एक प्रणाली उभारण्याचे काम त्या संस्थेने २००८ साली, नव्याने खुली स्पर्धा न घेता, बाहेरच्या कंपनीकडे सोपविले. २००९ च्या जुलैत तो करार संपुष्टात आणून काम स्वतःकडे घेतले, आणि २०१३ च्या मे महिन्यात सगळी योजनाच गुंडाळली. नुकसान ९ कोटी ८४ लाख पौंडांचे झाले. त्यातून संग्रहसूचीचा जो भाग तयार झाला, त्याचा वार्षिक खर्च ३० लाख पौंड होता. ज्या चाळीस वर्षांच्या जुन्या सूचीची जागा तो घेणार होता, तिचा खर्च होता ७ लाख ८० हजार पौंड. २०१४ साली ब्रिटिश पार्लमेंटच्या लोकलेखा समितीने ह्या प्रकरणावर कडक ताशेरे ओढले.

कारणे अनेक होती. कामाची गुंतागुंत कमी लेखली गेली, देखरेख अपुरी पडली. पण त्यांतले एक आपल्या विषयाशी फार निगडित आहे. आरंभीच्या करारात आर्थिक जोखीम कंपनीवर टाकलेली असल्यामुळे आराखडा कसा आकार घेत आहे, ह्यात संस्थेला पुरेसे लक्ष घालता आले नाही. श्रोतेहो, पैशाची जोखीम करारनाम्याने दुसऱ्यावर टाकता येते. आपल्या माहितीचे ज्ञान टाकता येत नाही. ते आपल्यापाशीच असते, आणि आपणच ते निविदेत उतरवावे लागते.

ते उतरवावे कसे, हे आता क्रमाने पाहू.

पहिली गोष्ट मोजदाद. आपल्यापाशी कोणकोणत्या प्रकारचे कागद आहेत, प्रत्येकाची संख्या अंदाजे किती, पाने किती, हस्तलिखित किती, छापील किती, मोडी लिपीतील काही आहेत काय, ध्वनिफिती आहेत काय, आणि दरवर्षी भर किती पडते, ह्याची यादी निविदेस जोडावी. ही यादी नसली की एक निविदाकार दहा हजार पाने धरून किंमत सांगतो, दुसरा दहा लाख पाने धरून सांगतो. मग सर्वांत कमी किंमत कोणाची, ह्या प्रश्नाला अर्थच उरत नाही. पहिल्याची निविदा मंजूर होते, आणि उरलेले पैसे पुढे ‘जादा काम’ म्हणून मोजावे लागतात.

दुसरी गोष्ट प्रश्नांची यादी. आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच. आमची चूक सुधारताना आम्ही एक साधा उपाय केला. कचेरीच्या खिडकीवर महिनाभर एक वही ठेवली, आणि जो कोणी येईल तो काय मागतो, आणि काय सांगून मागतो, हे त्यात लिहावयास सांगितले. महिनाअखेर दिसून आले ते असे की, शीर्षक सांगून कागद मागणारा जवळजवळ कोणीच नसतो. कोणी जावक क्रमांक सांगतो, कोणी माणसाचे नाव व शाळा, कोणी ‘अमुक साली झालेला अमुक विषयाचा ठराव’ एवढेच सांगतो. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य रंगनाथन ह्यांनी १९३१ साली जे पाच नियम मांडले, त्यांत वाचकाचा वेळ वाचवावा असा एक नियम आहे. वाचक कोणत्या वाटेने येतो हे पाहिल्यावाचून त्याचा वेळ वाचविणार कसा? म्हणून निविदेत ‘उत्तम शोधसुविधा असावी’ असे लिहिण्याऐवजी ह्या वहीतले प्रश्नच लिहावेत.

तिसरी गोष्ट नोंदीचे रकाने. प्रश्न कळले की रकाने आपोआप ठरतात. येथे सर्वच नव्याने योजण्याचे कारण नाही. १९९५ साली अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या डब्लिन गावी ग्रंथपाल आणि संगणकतज्ज्ञ ह्यांची एक बैठक झाली. तीतून ‘डब्लिन कोअर’ ह्या नावाने ओळखली जाणारी पंधरा रकान्यांची योजना पुढे आली. शीर्षक, कर्ता, विषय, वर्णन, प्रकाशक, सहायक, दिनांक, प्रकार, स्वरूप, ओळखक्रमांक, मूळस्रोत, भाषा, संबंध, व्याप्ती आणि हक्क असे ते रकाने होत. २००३ साली ह्या योजनेस आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. तिचा पाया घ्यावा, आणि प्रत्येक रकान्याचा आपल्या संस्थेपुरता अर्थ लिहून ठेवावा. ओळखक्रमांक म्हणजे आमच्याकडे जावक क्रमांक, हे लिहावे. दिनांक एक नसून तीन असू शकतात: पत्र लिहिल्याचा, ते प्रसिद्ध झाल्याचा, आणि ते अमलात आल्याचा, तिघांस तीन रकाने द्यावेत. नावांचेही असेच आहे. औरंगाबाद व उस्मानाबाद ही नावे २०२३ साली अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर व धाराशिव अशी झाली. १९७० च्या कागदावर जुनेच नाव असणार. आज शोधणारा नवे नाव घालील. दोन्ही नावे एकाच गावाची आहेत हे यंत्रास सांगणारी नामसूची पाहिजे, आणि ती निविदेतच मागितली पाहिजे.

मात्र रकान्यांचा हव्यास धरू नये. समजा, पन्नास हजार कागद आहेत आणि एक जादा रकाना भरावयास कागदामागे एक मिनिट लागते. पन्नास हजार मिनिटे म्हणजे सुमारे ८३३ तास; सात तासांचा दिवस धरला, तर एका माणसाचे ११९ दिवस. म्हणून प्रत्येक रकान्यापुढे तो आवश्यक की केवळ इष्ट, तो कोण भरणार, आणि वहीतल्या कोणत्या प्रश्नासाठी तो हवा, हे लिहावे. तिसऱ्या प्रश्नास उत्तर नसेल, तर तो रकाना गाळावा.

चौथी गोष्ट आपल्या भाषेची. परक्या ठिकाणचे निविदापत्रक उतरून घेतले की जी हमखास निसटते, ती हीच. युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या खासगी अक्षरवळणांत टंकलेला असे. त्यात यंत्राच्या पोटात रोमन अक्षरांचे संकेत असत, फक्त पडद्यावर देवनागरी आकार दिसत. असा मजकूर रूपांतर न करता नव्या प्रणालीत गेला, की तो निरर्थक चिन्हांचा ढीग होतो. तेव्हा जुना मजकूर युनिकोडमध्ये आणून देणे, आणि तो बरोबर आला की नाही हे तपासणे, ही कामे निविदेत स्पष्ट नमूद हवीत.

पुढे शुद्धलेखनाचा प्रश्न येतो. महाराष्ट्र शासनाने १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम मान्य केले, आणि अनुच्चारित अनुस्वार लेखनातून गेले. त्यापूर्वीच्या अहवालात ‘कांहीं’ असे असणार, नंतरच्यात ‘काही’. एक शोधले असता दुसरेही सापडले पाहिजे. ‘दुसऱ्या’ ह्या शब्दातील अर्धा र दोन वेगळ्या संकेतांनी टंकता येतो. डोळ्यास दोन्ही सारखे दिसतात, यंत्रास ते दोन निराळे शब्द वाटतात. तोच प्रकार ‘ॲ’ चा; ह्या अक्षरास स्वतंत्र क्रमांक २००८ साली मिळाला, आणि ‘अ’ वर चंद्र देऊन तयार केलेले जुने रूप अजून पुष्कळ ठिकाणी आढळते. अकारविल्हे यादी करताना आपल्या परंपरेत ‘ळ’ हा ‘ह’ नंतर येतो आणि क्ष, ज्ञ शेवटी येतात. युनिकोडच्या नुसत्या क्रमांकांनी लावल्यास ‘ळ’ हा ‘ल’ च्या पाठोपाठ येतो आणि क्ष हा ‘क’ मध्ये मिसळतो. ह्या बाबी क्षुल्लक वाटतात. पण हजार नावांच्या यादीत आपले नाव न सापडणाऱ्या माणसास त्या क्षुल्लक वाटत नाहीत.

पाचवी गोष्ट कागदाचे आयुष्य आणि त्यावरील हक्क. कोणता कागद कोणी तयार करावयाचा, कोणी मान्य करावयाचा, कोणास दाखवावयाचा, किती वर्षे ठेवावयाचा आणि मग त्याचे काय करावयाचे, हे यंत्र ठरवू शकत नाही. सरकारी संकेतस्थळांसाठी २००९ साली जी मार्गदर्शक तत्त्वे निघाली, त्यांतही मजकुराची मान्यता, फेरतपासणी आणि जतन ह्यांविषयी धोरण ठरविण्यावर भर होता. त्याहून महत्त्वाचा आधार २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याचा. त्याचे चौथे कलम सार्वजनिक प्राधिकरणांस आपले अभिलेख सूचीबद्ध करून ठेवण्यास सांगते, आणि सतरा प्रकारची माहिती कोणी न मागताच प्रसिद्ध करून ती दरवर्षी अद्ययावत करण्यास सांगते. सरकारी पैशावर मुख्यत्वे चालणाऱ्या संस्थाही ह्या कायद्याच्या कक्षेत येतात. उलटपक्षी २०२३ साली संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाही केला. एका हाताने उघडे करावयाचे ते कोणते आणि दुसऱ्या हाताने झाकावयाचे ते कोणते, हे कागदाच्या प्रकारागणिक निविदेतच लिहिलेले बरे.

सहावी आणि शेवटची गोष्ट निरोपाची. प्रत्येक प्रणाली एक दिवस जुनी होते. त्या दिवशी आपले सर्व कागद, त्यांच्या सर्व रकान्यांसह, कोणत्याही दुसऱ्या यंत्रास वाचता येईल अशा खुल्या स्वरूपात परत मिळाले पाहिजेत, आणि त्याबद्दल निराळी किंमत मागता कामा नये, अशी अट आरंभीच घालावी. बीबीसीची जुनी सूची चाळीस वर्षे टिकली. यंत्रे बदलतात, नोंदी राहतात. नोंदी आपल्या आहेत, मक्तेदाराच्या नव्हेत, हे करारनाम्यात एका वाक्यात यावयास हवे.

आता हे सर्व लिहावयाचे कसे? नियम एकच: जे वाक्य तपासून पाहता येत नाही, ते निविदेत घालू नये. ‘प्रणाली वापरण्यास सुलभ असावी’ हे वाक्य तपासता येत नाही. ‘जावक क्रमांक व वर्ष दिले असता तेवढा एक कागद समोर यावा, “कांहीं” असे शोधले असता “काही” असलेले कागदही यावेत, गावाचे नवे नाव घातले असता जुन्या नावाचे कागद दिसावेत’ ही वाक्ये तपासता येतात. आपल्या दप्तरातील दोनशे कागद निवडावेत, फाटके, पुसट आणि जुन्या अक्षरवळणातले मुद्दाम त्यात घालावेत, कोणाची व्यक्तिगत माहिती त्यात असल्यास ती झाकावी, आणि ते सर्व निविदाकारांस सारखे द्यावेत. खिडकीवरच्या वहीतील वीस प्रश्न त्यांस समितीसमोर सोडवून दाखवावयास सांगावेत. दोन लिफाफ्यांच्या पद्धतीत पहिल्या लिफाफ्याची परीक्षा अशी झाली, की किमतीचा दुसरा लिफाफा उघडताना मनात धाकधूक राहत नाही.

ह्यासाठी मोठी विद्वत्ता लागत नाही. थोडा वेळ लागतो, आणि तो निविदा काढण्यापूर्वीच द्यावा लागतो. आमच्या संस्थेने तो नंतर दिला. त्यामुळे पैसेही दोनदा गेले. आता त्या प्रणालीत जावक क्रमांकाचा रकाना आहे, आणि कागदाची तारीख ती कागदाचीच तारीख आहे. पण ज्या शिक्षिकेमुळे आम्हांस हे शहाणपण आले, त्यांचे तीन महिने आम्ही परत देऊ शकलो नाही. आपल्या संस्थेत अशी खरेदी निघाली, तर समितीच्या पहिल्या बैठकीस कोण्या कंपनीचे माहितीपत्रक नेऊ नका. कचेरीच्या खिडकीवरची वही न्या.